दोन नवऱ्या आणि वजनाचा परिच्छेद

अर्जदार : प्रस्तुत मजकुराचा लिहिणार, वय त्रेपन्न, धंदा अर्ज लिहिणे, शिक्षण नववी पास, राहणार बुलढाणा.

गैरअर्जदार : क्रमांक एक, वरील इसम स्वतः. क्रमांक दोन, ज्या कार्यालयाने त्याचा कागद खरा मानला ते कार्यालय.

नुकसान पोचलेली व्यक्ती : एका गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई.

घटनेचे ठिकाण : माझे टेबल, त्यानंतर उंद्रीच्या पुढचे एक गाव.

घटनेची वेळ : तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारपासून संक्रांतीपर्यंत.

साक्षीदार : एक, माझी पत्नी. दोन, भर सभेत तोंड उघडणारी एक म्हातारी. तीन, मुलांचे एक चित्रांचे पुस्तक, ज्यास बोलता येत नाही परंतु या प्रकरणात ज्याने एकही खोटे वाक्य सांगितलेले नाही.

नावे वर दिलेली नाहीत. निनावी अर्जास किंमत नसते, हे वाक्य मी पंचवीस वर्षे समोरच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकास ऐकवीत आलो. परंतु या प्रकरणात नुकसान झाले ते एका नावाचेच. ते नाव माझ्या हाताने कागदावर गेले आणि खराब झाले. ते पुन्हा लिहिण्याचा अधिकार मी स्वतःकडे ठेवलेला नाही. एकीचे झाकायचे तर इतरांचीही झाकावी लागतात.

मी कोण, हे सांगणे आवश्यक आहे. कचेरीच्या आवाराबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणिताने दगा दिला. मात्र लेखी मराठीत त्या रांगेत माझ्याहून वरचढ कोणी नाही, हे मी गर्वाने नव्हे, माहितीस्तव नमूद करतो. नवे वकील माझ्याकडून कच्चा मसुदा नेतात आणि स्वतःचा म्हणून पुढे करतात. बांधाचा वाद, रेशनकार्ड, बदली, दारूबंदी, नळाचे पाणी. या जिल्ह्यातील माणसाला सरकारशी बोलायचे झाले की तो पुष्कळदा माझ्या तोंडाने बोलतो. घरीही मी शुद्धच बोलतो. माझी पत्नी तसे बोलत नाही.

त्या सोमवारी सकाळी माझ्याकडे जे गृहस्थ आले ते त्या गावच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष. साठीचे, सोयाबीन-हरभऱ्याचे मोठे वावर बाळगणारे, पांढऱ्या टोपीचे. दुपट्ट्यात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. मेलेला उंदीर शेपटीने धरून बाहेर टाकतात, तशी दोन बोटांनी ठेवली.

"पाहा भाऊ," ते म्हणाले, "आमच्या पोट्ट्या काय वाचून राह्यल्या ते."

आत पुस्तक होते. मोठ्या आकाराचे, जाड कागदाचे, पानभर चित्रे आणि खाली दोन-दोन ओळी. शहरातल्या कुठल्याशा मंडळींनी खेड्यातल्या वाचनालयांना पुस्तकांची पेटी पाठवली होती, तिच्यातून ते आले होते. अध्यक्षांच्या सात वर्षांच्या नातीने ते घरी आणले, मोठ्याने वाचले आणि वाचून थांबली नाही.

"तुळशीच्या लग्नातल्या मुंडावळ्या काढल्या तिनं," अध्यक्ष म्हणाले. "एक सोताच्या कपाळाले बांधली, एक शेजारच्या पोट्टीच्या. धाकटीच्या नाकाले ओढणी बांधून तिले हत्तीण केलं. अन भर अंगणात लगन! मी ओसरीवर बसेल होतो. लहान्या पोराच्या सोयरिकीसाठी पाव्हणे आलेले. पाव्हण्यातला एक म्हणते कसा, 'वा जी, तुमच्या घरच्या सोयरिकी तं अंगणातच जुळते! आमाले कायले बलावलं?'"

"मग?"

"मग काय? हासले सारे. चहा पेले अन गेले. अजून निरोप नाही त्यायचा."

मी पुस्तक उघडले. गोष्ट अशी. एका राजाला एकच मुलगी. लग्नास नाना देशांचे राजपुत्र आलेले. कोणी बाण मारतो, कोणी घोडा उडवतो. राजाला निवड करता येईना, म्हणून तो जुन्या रिवाजाप्रमाणे हत्तिणीच्या सोंडेत माळ देतो. हत्तीण सगळ्या राजपुत्रांना ओलांडून जाते आणि तिला रोज चारा घालणाऱ्या माहुताच्या मुलीच्या गळ्यात माळ टाकते. दरबार हसतो. राजा रागावतो. तेव्हा राजकन्या पुढे येऊन म्हणते, "हत्तीण बरोबर आहे. बाबा, मला विचारलं असतंत तर मीही हेच सांगितलं असतं." पुढच्या पानावर दोघी नवऱ्या. दोघींच्या कपाळी मुंडावळ्या, दोघींच्या गालाला हळद, आणि मध्ये अंतरपाट धरला आहे तो हत्तिणीने, सोंडेत.

मला किळस आली. हे मी लपवीत नाही, कारण या कागदात लपवायचे काहीही ठेवायचे नाही असे ठरवूनच तो लिहावयास घेतला आहे. तोंड कडू करणारी किळस. आमच्या आईने सांगितलेल्या गोष्टींत निपुत्रिक राजा मेला की हत्तिणीच्या सोंडेत माळ देत. ती ज्याच्या गळ्यात घालील तो राजा. ती न्यायाची माळ होती. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडून आम्ही भावंडे श्वास रोखून तिची वाट पाहत असू. ती माळ कोणीतरी उचलून नको तिथे नेऊन टाकली असे मला वाटले. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात जोडे घालून शिरावे तसे.

"अर्ज करू," मी म्हणालो.

"बाईले काढाचं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पुस्तक जाऊ द्या चुलीत. बाई दर रविवारी पोट्ट्यायले गोल बसवून हेच वाचते."

बाई म्हणजे ग्रंथपाल. चाळिशी ओलांडलेल्या. नवरा वारल्यावर माहेरी परतल्या, आई होती तोवर आईबरोबर आणि नंतर एकट्या राहिल्या. वाचनालय हीच त्यांची नोकरी आणि, मला पुढे समजले त्याप्रमाणे, तोच त्यांचा गावातील मान. विधवा बाईला लोक दारातून हाक मारतात. यांना "मॅडम" म्हणून आत येऊन बसत.

पुस्तक मी पुराव्यादाखल घरी नेले. अर्जात आक्षेपार्ह मजकुराचा पान क्रमांक द्यावा लागतो, आणि या पुस्तकाला पान क्रमांकच नव्हते. सबब मी स्वतः निळ्या पेनाने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा घातला. पहिल्या पानावर, राजकन्येच्या चित्रावर, ठळक अक्षरांत लिहिले : निशाणी अ. मग आक्षेपार्ह ओळ शोधू लागलो. पान सहा : दोघी राजवाड्याच्या पायरीवर बसून एक कणीस खात आहेत. पान नऊ : एकीला ताप आला आहे, दुसरी पाणी पाजत आहे. पान चौदा : माळ. शेवटचे पान : दोघींचे केस पिकले आहेत आणि उंबऱ्यावर बसून त्या शेंगा फोडत आहेत. एकाही ओळीखाली रेघ मारता येईना. मी चष्मा पुसून पुन्हा आरंभापासून पाहिले.

पत्नी पोळ्या आटोपून हात पुसत आली. "काय पाहून राह्यले एवढं?"

"पुरावा."

तिने पुस्तक ओढून घेतले. "हत्तीण लय गोड काढली बाप्पा." पाने उलटत ती शेवटापर्यंत गेली. "दोघी म्हाताऱ्या झाल्या वाटते."

"यात घाण कुठे आहे, ते दाखव."

"कायची घाण?"

"दोन बायांचे लग्न आहे ना हे!"

"मंग? भांडण दिसत नाही, दारू दिसत नाही, कोणी कोणाले मारून नाही राह्यलं. तुमाले काऊन दुखून राह्यलं?"

"मला किळस येते."

"तुमाले तं वांग्याचीबी येते. वांग्यावर अर्ज करता का?"

मी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतले. अशिक्षित माणसाशी कायद्याच्या मुद्द्यावर बोलू नये असा माझा नियम आहे, आणि त्या दिवशी तो मला फार सोयीचा पडला.

आता आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. प्रत्येक जुन्या अर्ज लिहिणाऱ्याकडे एक चोपडी असते. तीत वर्षानुवर्षे उपयोगी पडलेले परिच्छेद उतरवून ठेवलेले असतात. एखाद्याची तक्रार खरी पण बारीक असली, तर तिला जोड म्हणून त्यातील एक परिच्छेद घालायचा. आम्ही त्याला वजनाचा परिच्छेद म्हणतो. बारीक कागद टेबलाच्या तळाशी जातो, जाड कागद वर राहतो. लिहिणारा हे जाणतो, कारकूनही जाणतो. "आपला नम्र" असे लिहिणारा नम्र आहे काय, हे जसे कोणी तपासत नाही, तसे वजनाच्या परिच्छेदातील आरोप कोणी तपासत नाही. इतकी वर्षे मी या समजुतीवर निर्धास्त झोपलो.

पुस्तकावरची तक्रार बारीक होती. घाण सापडली नव्हती. म्हणून मी चोपडी उघडली. फार पूर्वी अंगात येणाऱ्या एका बाईविरुद्ध लिहिलेला परिच्छेद तीत होता. "मंत्रतंत्र" काढून तिथे "पुस्तके" घातले. परिच्छेद असा झाला :

"सदर महिला एकटी राहत असून वयात येणाऱ्या मुलींना पुस्तके दाखविण्याच्या बहाण्याने दिवेलागणीनंतर आपल्या राहत्या घरी बोलावते, त्यांना अनिष्ट मार्गास लावते व त्यामुळे गावातील लेकीसुनांची अब्रू धोक्यात आलेली आहे."

वाक्य ठाकठीक होते. मी ते दोनदा वाचले, अर्थासाठी नाही, लयीसाठी.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष सही करावयास आले. मी वाचून दाखवू लागलो तेव्हा ते म्हणाले, "वाचाले टाइम नाही भाऊ, बस लागेल आहे. कुठी करू सही?" त्यांनी सही केली. खाली माझ्या हस्ताक्षरात नेहमीचे शब्द होते : मजकूर वाचून दाखविला, समजला व कबूल आहे.

अर्ज वाचनालयांचे काम पाहणाऱ्या जिल्हा कार्यालयात गेला व तिथून चौकशीस आलेले अधिकारी तरुण होते, नोकरीत नवे होते. त्यांनी कागद अथपासून इतिपर्यंत वाचलेला होता. हा अनुभव मला नवीन होता. चौकशी वाचनालयातच ठेवली होती. अध्यक्षांनी मला बरोबर नेले, कारण साहेबांसमोर शुद्ध बोलणारा माणूस आपल्या बाजूस असावा असे त्यांना वाटले. एका मोठ्या खोलीत दोन कपाटे, एक सतरंजी, भिंतीशी खुर्च्या. गावातील पुरुष खुर्च्यांवर, बाया व मुली सतरंजीवर. बाई उभ्या होत्या.

साहेबांनी आधी पुस्तकाचा भाग वाचला. राजकन्या, हत्तीण, माळ. मुली खुसखुसल्या. तेवढ्यात सतरंजीवरून एक म्हातारी म्हणाली, "सायेब, एक इचारू का?"

"विचारा, आजी."

"मांगच्या साली पाणी येत नोतं, तं गावानं भावला-भावलीचं लगन लावलं. बाहुल्यायचं जी. बॅण्ड लावला, बुंदी केली. शिंप्याले सांगतलं एक नवरदेव शिव, एक नवरी शिव. त्या बयताडानं दोन्ही नवऱ्याच शिवल्या! मुहूर्त टळते म्हणून तसंच लावलं. आता सांगा, नवरीचा मामा कोण उभा होता?"

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

"बुढे, चूप बस वं," अध्यक्ष म्हणाले.

"चूप काऊन बसू? पाणी आलं का नाही त्या साली?"

"आलं, आलं!" मागून कोणी ओरडले. "तिसऱ्याच दिवशी आलं!"

खोली हसली. साहेब हसले. बाईही हसल्या, तोंडाला पदर लावून. त्या क्षणी प्रकरण मिटले होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. अध्यक्षसुद्धा टोपी काढून डोके खाजवू लागले होते. साहेबांनी हसतच पान उलटले आणि पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचला.

हसणे एकदम थांबले नाही. आधी खुर्च्यांवरचे थांबले, नंतर सतरंजीवरचे. "दिवेलागणीनंतर" या शब्दापाशी एका बाईने शेजारी बसलेल्या आपल्या मुलीचा दंड धरला. "अब्रू" या शब्दापाशी दुसरीने मुलीला उठवून दारात नेले. माझी लय अतिशय चांगली होती. साहेबांनी ती बरोबर पकडून वाचली.

"सर," बाई म्हणाल्या, "पुस्तक मी वाचून दाखवलं. ते मला मान्य आहे. उद्याही वाचून दाखवीन. पण हे दुसरं काय आहे?"

"अर्जात आहे."

"माझ्या घरी कोणाची मुलगी आली? तिचं नाव सांगा."

त्यांनी सतरंजीवरच्या बायांकडे पाहिले. या त्यांच्या रोजच्या बाया. बायांनी खाली पाहिले. आरोप खरा असेल असे त्यांना वाटले असेल असे मला वाटत नाही. पण सरकारी कागदावर आहे म्हणजे काहीतरी असेल, असे वाटले. त्या पुस्तकातल्या दोघी आणि ही एकटी राहणारी बाई यांची गाठ त्या खोलीत, आमच्या डोळ्यांदेखत, मारली गेली.

साहेब अध्यक्षांना म्हणाले, "हे तुमचं म्हणणं आहे?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. तो परिच्छेद ते प्रथमच ऐकत होते.

"सही माहीच आहे," ते म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "मजकूर तुम्ही यांना वाचून दाखवला होता?"

इथे एक शब्द पुरेसा होता. "नाही" म्हटले असते तर माझी पंचवीस वर्षांची खालची ओळ खोटी पडली असती, आणि जिल्ह्यात माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रत्येक कागदावर कोणीही बोट ठेवले असते. मी उभा राहिलो, सदऱ्याचे बटण लावले आणि शुद्ध भाषेत म्हणालो, "होय साहेब. वाचून दाखविला. समजला व कबूल आहे."

चौकशी पूर्ण होईपर्यंत बाईंनी कामावर येऊ नये असे ठरले. त्यांनी कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, चपला घातल्या आणि गेल्या. दाराशी उभ्या असलेल्या बाया बाजूला झाल्या. नेहमीपेक्षा जास्त बाजूला झाल्या.

अध्यक्ष मला बुलढाण्याला पोचवायला ऑटोत बसले. उंद्री मागे पडल्यावर म्हणाले, "भाऊ, तुमी हे काय लिवलं होतं?"

"वजनासाठी."

"अशी नोती ती बाई." आणि मग, "आता मी 'नाही' म्हणालो तं मीच खोटा. राहू द्या. गेली ना, झालं."

त्यांनी खिशातून सुपारी काढून अर्धी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि खाल्ली. आजही ती सुपारी आठवली की मला शिसारी येते. पुस्तक पाहून जी आली होती ती वरवरची होती, थुंकून टाकता येण्यासारखी. ही गिळलेली आहे.

पौषात, थंडीच्या एका दुपारी, बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. मी उठलो. त्या म्हणाल्या, "बसा. मला खुलासा लिहून हवाय."

"माझ्याकडून?"

"तुमची भाषा त्या ऑफिसला कळते. माझी कळली नाही."

मी कोरा कागद पुढे ओढला. त्यांनी विचारले, "तो परिच्छेद कुठून आणला?" मी चोपडी काढून उघडी ठेवली. त्यांनी ती ग्रंथपालाच्या रीतीने वाचली : आधी पानाची कड पाहिली, मग मजकूर. कडेला माझ्या हाताच्या लहान खुणा होत्या.

"या खुणा कसल्या?"

"वापरल्याच्या. प्रत्येक वेळी एक करतो."

त्यांनी बोटाने मोजल्या. "पाच. शेवटची माझी. म्हणजे माझ्याआधी चौघी." वर न पाहता त्यांनी विचारले, "त्यांचं काय झालं?"

मला त्या चार अर्जांचे विषय आठवत होते. कोणत्या कचेरीत गेले तेही आठवत होते. त्या चार बायांचे काय झाले हे मला ठाऊक नव्हते, आणि आजवर ते विचारावे असे कधी मनातही आले नव्हते. मी तसे सांगितले.

चोपडी मिटून त्या म्हणाल्या, "पुस्तकात काय वाईट वाटलं तुम्हाला?"

"मला ते पाहवले नाही."

"नाही पाहवलं तर पान उलटायचं होतं, काका." त्यांचा आवाज चढला नाही. "आमच्या गावात एक मुलगी होती. बारावीला. तिची एक मैत्रीण होती. दोघी मिळून निघून गेल्या, खामगावपर्यंत पोचल्या, तिथून धरून आणल्या. हिचं लग्न आठ दिवसांत लावलं. त्या आठ दिवसांत ती रोज वाचनालयात यायची, कपाटासमोर उभी राहायची आणि काही न घेता जायची. तिच्या हातात देण्यासारखं माझ्याकडे एकही पुस्तक नव्हतं. दोन्ही कपाटं मला पाठ आहेत, नव्हतं. पुढे त्या पेटीत हे आलं. लहान मुलांचं आहे, हत्तिणीचं आहे. मी ठेवून घेतलं."

मी विचारले, ती मुलगी आता कुठे आहे. त्यांनी तिच्या सासरच्या गावाकडे म्हणून हात केला.

ते पुस्तक मला आजही आवडत नाही. माझ्या आईच्या हत्तिणीने माळ कुठे घालावी याविषयी माझे मत बदललेले नाही, आणि इथे बदलले असे लिहिले तर तो पुन्हा एक वजनाचा परिच्छेद होईल. परंतु त्या पुस्तकाच्या बत्तीस पानांत मी दोन वेळा शोधूनही जी घाण सापडली नाही, ती शेवटी माझ्या चोपडीतून निघाली, माझ्याच हस्ताक्षरात, खुणा करून जपून ठेवलेली. आणि ती मी बाईंना लावली, वर पुस्तकाचे नाव घेऊन.

मी बाईंचा खुलासा लिहिला. त्यात एकही ठेवणीतला शब्द घातला नाही. इतका बारीक कागद मी आयुष्यात लिहिला नव्हता. त्याच्यासोबत माझे स्वतःचे निवेदन जोडले की, तो परिच्छेद अर्जदाराच्या सांगण्यावरून नसून माझ्या जुन्या नमुन्यातून घेतला आहे, त्यास कोणताही आधार नाही, व तो अर्जदारास वाचून दाखविला होता हे माझे चौकशीतील म्हणणे खोटे आहे. अध्यक्षांकडेही गेलो. त्यांनी दारातच सांगितले, "पोराची सोयरीक कशीबशी जमली आहे. आता पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढू नका भाऊ."

संक्रांतीच्या सुमारास कार्यालयाचे दोन ओळींचे उत्तर आले. आपण मूळ प्रकरणात पक्षकार नसल्याने आपले निवेदन विचारात घेता येत नाही. बाईंचा खुलासा प्रलंबित आहे. तिळगूळ द्यायला त्या साली बाईंच्या घरी कोणाचीही मुलगी गेली नाही, हे मला म्हातारीने सांगितले. तिने नातीला पाठवू पाहिले होते, सुनेने अडवले.

ज्याने परिच्छेद लिहिला तो पक्षकार नाही, ज्याने सही केली तो बोलत नाही, आणि जिच्यावर तो आहे तिला कोणी विचारत नाही. सबब हा मजकूर आता कचेरीऐवजी वाचणाऱ्यांसमोर ठेवीत आहे, आणि एक प्रत पुन्हा त्या कार्यालयास पाठवीत आहे.

माझी मागणी अशी की, अध्यक्षांच्या अर्जातील तिसरा, म्हणजे वजनाचा, परिच्छेद दप्तरातून काढून टाकण्यात यावा. पुस्तकाविषयी काय करायचे ते पुस्तक वाचलेल्या माणसांनी ठरवावे. मी त्यात पडत नाही. खोटे लिहिल्याबद्दल व खोटे सांगितल्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी. माझा खुलासा वर आलेला आहे, वेगळा मागू नये. बाईंना कामावर परत घेण्यात यावे. माझ्या चोपडीत ज्या चौघींच्या नावाने खुणा आहेत त्यांचे अर्ज त्या त्या कचेरीत असतील. ते शोधून काढण्यास मी स्वखुशीने हजर राहीन.

आणि उत्तर केवळ टपालाने पाठवू नये. तो परिच्छेद ज्या खोलीत, ज्या बायांसमोर, ज्यांच्या मुली पाहत असताना मोठ्याने वाचला गेला, त्याच खोलीत त्यांना पुन्हा बोलावून, तो खोटा असल्याचे तितक्याच मोठ्याने वाचून दाखवावे. साहेबांनीच वाचावे, त्यांचा आवाज लोकांनी ऐकलेला आहे. बाईंना त्या वेळी बसायला खुर्ची द्यावी. हे कोणत्या दिवशी होईल, ते लेखी कळविण्याची कृपा व्हावी, ही विनंती.